कान की मीटर? ऑडिओच्या जुन्या भांडणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी आमच्या घरी पाच-सहा जण गाणं ऐकायला जमतात. कोणी आपला ॲम्प्लिफायर काखोटीला मारून आणतो, कोणी नवी केबल. चहा होईपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग कोणीतरी म्हणतं, "याचा मिडरेंज जास्त मोकळा आहे," दुसरा म्हणतो, "मोजून दाखव," आणि पोहे थंड होतात. तेच ते प्रश्न इतकी वर्षं ऐकले, की शेवटी उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

सरळ सांगा. दोन ॲम्प्लिफायर, दोन डॅक (डिजिटल फाइलचा ॲनालॉग सिग्नल करणारे डबे) किंवा दोन स्पीकर यांच्यातला फरक कानांनी ठरवायचा की मोजून?

दोन्ही लागतं, पण दोघांची कामं वेगळी आहेत. फरक आहे का, किती आहे आणि कोणत्या पट्टीत आहे, हे मीटर सांगतो. तो फरक माणसाला जाणवतो का आणि आवडतो का, हे कानच सांगणार. गंमत अशी, की ज्याला आपण 'कानांनी ऐकलं' म्हणतो, त्यात कान एकटे नसतातच. डोळ्यांना डबा दिसत असतो, किंमत ठाऊक असते, शेजारी बसलेल्या मित्राची मान डोलताना दिसत असते. माझ्या मते खरं भांडण कान आणि मीटर यांचं नाहीच. ते कान आणि डोळे यांचं आहे. डोळे झाकले की कान आणि मीटर बहुतेक वेळा एकाच बाजूला येऊन बसतात.

पण मला फरक स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे मी खोटं बोलतोय का?

अजिबात नाही. तुम्हाला तो खरंच ऐकू येतो. फक्त तो ॲम्प्लिफायरमधून आला की तुमच्या डोक्यातून, हे तुम्हाला स्वतःला कळण्याचा मार्ग नाही.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी स्पीकर बनवणाऱ्या हर्मन कंपनीत ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड. सगळे श्रोते कंपनीतलेच होते. त्यातला एक छोटा, स्वस्त संच पडद्याआडून ऐकताना बऱ्यापैकी गुण घेऊन गेला. नजरेला पडल्यावर मात्र त्याचे गुण घसरले, आणि मोठ्या, देखण्या स्पीकरांचे वाढले. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्पीकर खोलीत दुसऱ्या जागी ठेवला की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआड हा बदल लोकांना नीट जाणवला. उघड ऐकताना तोच बदल जवळजवळ कोणाच्या लक्षातही आला नाही. म्हणजे डोळे उघडे असले की नसलेले फरक ऐकू येतात, एवढंच होत नाही. असलेले फरकही निसटतात.

रेकॉर्डीच्या शौकिनांना २०२२ सालचं मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण आठवत असेल. त्यांच्या महागड्या रेकॉर्डी पूर्णपणे ॲनालॉग मार्गानं येतात, अशी मंडळींची खात्री होती, आणि 'डिजिटलचा वारा न लागलेला' आवाज म्हणून त्यांची वाखाणणीही होत असे. वाटेत अनेक वर्षं एक डिजिटल टप्पा होता, हे त्या वर्षी बाहेर आलं. तोवर नुसत्या ऐकण्यावरून कोणीही तो पकडला नव्हता. रेकॉर्डी वाईट होत्या का? नव्हत्या, उत्तम होत्या.

ब्लाइंड टेस्ट घरी कशी करायची?

वाटते त्याहून सोपी आहे, आणि फसायच्या जागाही वाटतात त्याहून जास्त आहेत.

प्रचलित पद्धतीला एबीएक्स म्हणतात. ए आणि बी ही दोन उपकरणं तुम्हाला माहीत असतात. एक्स हे त्या दोघांपैकीच एक असतं, पण कोणतं ते सांगत नाहीत. ते ए आहे की बी, एवढंच तुम्ही सांगायचं. कल्पना जुनी आहे. ऑडिओच्या क्षेत्रात ती रुळली ती अमेरिकेतल्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली त्यासाठीचा स्विचबॉक्स आणि पद्धत मांडल्यावर. १६ वेळा ऐका. नुसतं नाणं उडवलं तरी सरासरी ८ उत्तरं बरोबर येतात. १२ किंवा जास्त बरोबर आली, तर ते निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे तुम्हाला काहीतरी खरंच ऐकू येतंय असं धरायला हरकत नाही.

सगळ्यात आधी दोन्ही उपकरणांची लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, जुळवा. इथेच नव्वद टक्के मंडळी चुकतात, मीही चुकलो होतो. नवा ॲम्प्लिफायर आणला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत जाहीर केलं, की जुन्यावर पडदा होता तो या नव्यानं बाजूला केला. भाच्यानं ३०० हर्ट्झचा सूर लावला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला टेकवला. जुना २.०० व्होल्ट, नवा २.१७. फरक ०.७ डेसिबलचा. एवढासा फरक 'आवाज मोठा आहे' असा कळतच नाही. तो 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' असा कळतो. पडदा बाजूला केला होता तो व्हॉल्यूमच्या खुंटीनं. जुळवताना २.०० आणि २.०२ इतक्या जवळ या, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. (सूर ३०० हर्ट्झचा एवढ्यासाठी, की स्वस्त मल्टिमीटर वरच्या पट्टीत हमखास खोटं बोलतात.)

मग स्विच. तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून चार पोलचा, आधीचं कनेक्शन सोडून मगच पुढचं जोडणारा रोटरी स्विच आणा. दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट एका क्षणासाठीही एकमेकांना लागता कामा नयेत. काळ्या तारा 'कॉमन' समजून एकत्र बांधू नका. आजकालच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरमध्ये काळी तारही जिवंत असते.

एवढं सगळं करून पहिल्या दिवशी मला १६ पैकी १४ आले. मी कॉलर ताठ केली. भाचा मात्र स्विचपुढे टांगलेल्या चादरीमागून विचारात पडलेला बाहेर आला. म्हणाला, "मामा, एकदा डोळे मिटून बस, मी गाणं बंद ठेवून नुसता स्विच फिरवतो." ए-कडे फिरवताना 'टक' व्हायचं, बी-कडे फिरवताना 'ट्टक'. मी ॲम्प्लिफायर ऐकतच नव्हतो. आणि शपथेवर सांगतो, मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळी त्यानं स्विच चार-पाचदा उलटसुलट फिरवला, आणि कोणता लावायचा ते आदल्या रात्री नाणं उडवून कागदावर लिहून ठेवलं. १६ पैकी ९.

तो नवा ॲम्प्लिफायर मी परत केला नाही. त्याला रिमोट आहे.

म्हणजे सगळे ॲम्प्लिफायर सारखेच वाजतात?

धडधाकट असतील, त्यांना झेपेल तेवढाच भार दिला असेल आणि लेव्हल जुळलेली असेल, तर ते ओळखणं फार कठीण जातं. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं जानेवारी १९८७ च्या अंकात स्वस्त रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या ट्यूब ॲम्प्लिफायरपर्यंत अशी तुलना छापली होती. निकाल नाणेफेकीच्या आसपास आला.

पण 'सगळे' म्हणू नका. ट्यूबचे काही ॲम्प्लिफायर खरंच वेगळे वाजतात, आणि त्याचं कारण साध्या गणितात सापडतं. समजा, अशा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, २ ओहम आहे. स्पीकरचा इम्पीडन्स एका जागी स्थिर नसतो. कुठल्या सुराला ४ ओहम, तर कुठल्याला २० असतो. ४ ओहमच्या जागी साडेतीन डेसिबल गळतात, २० च्या जागी एकही पुरा नाही. म्हणजे त्या स्पीकरवर आवाजाचा आलेख सुमारे २.७ डेसिबलनं वाकडा होतो, आणि तो कोणालाही ऐकू येईल. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला ०.०५ ओहम धरा, हाच आकडा ०.१ च्या खाली येतो. ज्याला लोक 'ट्यूबची ऊब' म्हणतात तिच्यात या वाकडेपणाचा मोठा वाटा आहे. आवडली तर खुशाल ठेवा. फक्त ती दुसऱ्याच्या स्पीकरवर तशीच येईल असं समजू नका.

ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली याचंच प्रात्यक्षिक दिलं. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना त्यांनी सांगितलं, की तुमच्या आवडत्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखा माझा स्वस्त ॲम्प्लिफायर मी वाजवून दाखवतो. मग दोन्हींना एकच सिग्नल देऊन, एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याचं वजा करत, बाकी उरेल ती कमी कमी करत ते बसले. बाकी सुमारे ७० डेसिबल खाली गेली, तेव्हा संपादकांना दोघांतला फरक सांगता येईना. सगळी जुळवाजुळव मीटरवर झाली, आणि निवाडा कानांनी दिला.

डिस्टॉर्शन (सिग्नलची मोडतोड) ०.००१ टक्का असलेलं उपकरण ०.०१ वाल्यापेक्षा चांगलं असणार ना?

कागदावर, हो. कानाला दोन्ही सारखीच.

पण मोजमापवाल्यांचीही एक जुनी चूक इथे कबूल केली पाहिजे. ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर नवे होते तेव्हा त्यांच्या जाहिरातीत डिस्टॉर्शनचा आकडा फार छान असे, आणि ऐकणारे मात्र 'आवाज कर्कश आहे, काच घासल्यासारखा' म्हणत. आकडेवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. आकडा घेतला होता पूर्ण पॉवरला. या ॲम्प्लिफायरमध्ये सिग्नल धनाकडून ऋणाकडे जाताना शून्याजवळ छोटासा खळगा पडायचा. पूर्ण पॉवरला तो खळगा सिग्नलच्या मानानं नगण्य, पण आपण घरी ऐकतो ते जेमतेम एका वॉटवर, आणि तिथे तोच खळगा सिग्नलचा मोठा हिस्सा होऊन बसतो. शिवाय त्यातून निघणारे सूर मूळ सुरापासून खूप वरचे असतात, त्यामुळे मूळ सूर त्यांना झाकू शकत नाही. कान बरोबर होते. मोजणाऱ्यांनी मोजलं भलत्या ठिकाणी होतं. पुढे कमी पॉवरवर, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजायची रीत पडली आणि भांडण मिटलं.

म्हणून एका आकड्याला भुलू नका, मग तो मोठ्या अक्षरात छापलेला का असेना.

केबल?

दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) साधी तांब्याची वायर घ्या. ५ मीटर लांबीला, जाऊन-येऊन १० मीटर धरून, तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.१२ ओहम. मघाच्याच ४ ते २० ओहमच्या स्पीकरवर तिनं होणारा वाकडेपणा ०.२ डेसिबल. जुन्या रेडिओला असते तसली अर्ध्या एमएमची बारीक वायर लावली, तर ०.६, म्हणजे कान तयार असेल तर कदाचित जाणवेल. केबलमध्ये ऐकण्यासारखा फरक असतो तो बहुतेक एवढाच, आणि तो मीटरला सापडतो. चांदीचा मुलामा, बाणाची दिशा वगैरेंवर रविवारी बोलू.

हाय-रेझ फाइल (सीडीहून जास्त तपशील साठवणारी) सीडीपेक्षा चांगली वाजते का?

बॉस्टनकडच्या मेयर आणि मोरन यांनी एसएसीडी या हाय-रेझ डिस्कच्या आउटपुटवर मधूनच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून लोकांना फरक विचारला. २००७ साली त्यांनी निकाल छापला: ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी २७७ आली असती.

२०१६ साली जोशुआ रीस या संशोधकांनी अशा १८ प्रयोगांचे मिळून १२,००० हून जास्त निकाल एकत्र केले, तर बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. ज्यांना आधी सराव दिला होता त्यांची साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काहीतरी आहे, पण ते इतकं बारीक आहे की त्यासाठी आख्खा संग्रह पुन्हा विकत घ्यायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. बरेचदा हाय-रेझ आवृत्ती खरंच चांगली वाजते ती तिचं मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात, वेगळं असतं म्हणून. तीच फाइल सीडीच्या दर्जात उतरवून दोन्ही ऐकून बघा, मग कळेल.

ब्लाइंड टेस्ट कधीच चुकत नाही का?

चुकते, आणि मीटरवाल्या मित्रांना पुढचा किस्सा मी मुद्दाम सांगतो. स्वीडिश रेडिओनं डिजिटल प्रसारणासाठी आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकची परीक्षा घेतली. ६० जाणकार श्रोते, २०,००० हून जास्त निवाडे, सगळं डबल ब्लाइंड. कोडेक पास झाले. त्यांच्या नमुन्याची टेप बार्ट लोकँथी या अमेरिकन ऑडिओ इंजिनिअरकडे गेली. त्यांनी ती निवांत ऐकली आणि दीड किलोहर्ट्झच्या आसपास एक नको असलेला सूर पकडला. १९९१ च्या सुमाराची ही गोष्ट.

म्हणजे ब्लाइंड टेस्टमध्ये 'फरक सापडला नाही', याचा अर्थ त्या लोकांना, त्या ध्वनिमुद्रणांवर, त्या पद्धतीनं सापडला नाही, इतकाच. काय ऐकायचं हे ठाऊक नसेल तर साठ जोडी कानही चुकतात. म्हणून आमच्याकडे नियम असा: उपकरण घरी न्या, हवं तितके दिवस उघड्या डोळ्यांनी ऐका, 'इथे, या जागी फरक आहे' अशी नेमकी जागा शोधा, आणि मग तेवढीच जागा चादरीआडून ऐकून दाखवा. महिनाभर ऐकायला कोणाचीच ना नाही.

स्पीकरचं काय? तेही सारखेच वाजतात म्हणणार का?

नाही. तिथे फरक इतके ढळढळीत असतात, की ते आहेत का हा प्रश्नच नसतो. चांगला कोणता, एवढंच ठरवायचं असतं. कान आणि मीटर यांची सगळ्यात सुंदर सोयरीक इथेच जमली आहे. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, ओटावाला, पडद्याआडून स्पीकर ऐकवायला सुरुवात केली. लोकांच्या आवडी भिन्न निघतील असं वाटत होतं, पण त्या बऱ्याच जुळल्या. पुढे हर्मनमध्ये तर पडद्याआड स्पीकर काही सेकंदांत सरकवून बरोबर त्याच जागी आणणारं यंत्र बसवलं, कारण जागा बदलली की सगळीच तुलना फुकट.

स्पीकर मोजताना तो फिरवत फिरवत, आडवा आणि उभा, दर १० अंशांवर असे ७० आलेख काढतात. समोर येणारा आवाज सपाट आणि बाजूंना जाणारा आवाज एकसारखा उतरत जाणारा असेल, तर लोकांना तो स्पीकर आवडतो. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांवर दाखवलं, की निव्वळ या आलेखांवरून लोक पडद्याआड किती गुण देतील ते बऱ्यापैकी आधीच सांगता येतं. त्यांच्या भाकिताचा आणि प्रत्यक्ष गुणांचा सहसंबंध ०.८६ होता (१ म्हणजे तंतोतंत जुळणी).

खालच्या पट्टीत मात्र राज्य खोलीचं. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ ची खोली घ्या. १२ फुटांत ४७ हर्ट्झला आणि १० फुटांत ५६ हर्ट्झला आवाज भिंतींच्या मध्ये अडकून फुगतो, छताची उंची ८ फूट असेल तर ७० ला. डग्ग्यावर तळहात दाबत घुमार वर नेणारा तबलजी ऐका. त्या चढत्या घुमारात एखादी जागा एकदम फुगते आणि पुढची गायब होते. तो तबलजी तसा वाजवत नाहीये. खुर्ची दीड फूट पुढे घ्या आणि तीच जागा पुन्हा लावा. दोन लाखांच्या ॲम्प्लिफायरनं पडणार नाही इतका फरक पडेल, आणि खुर्ची घरचीच आहे.

तुलना करताना कोणतं रेकॉर्डिंग लावावं?

नीरस उत्तर: पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकदम वाजणारा सलग खरखराट. स्पीकरातले दोष त्यावर सगळ्यात लवकर सापडतात. पण रविवारी पिंक नॉइज लावला तर पुढच्या रविवारी कोणी येणार नाही, म्हणून मी तानपुरा लावतो. तो सलग वाजतो, त्यामुळे स्विच फिरवताना 'ती जागा निघून गेली' ही तक्रार राहत नाही, आणि त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, भरगच्च असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या स्वरांशांचा न हलणारा बिंदू असतो ते नियमानं ऐकू यायला नकोत, पण तानपुऱ्यात ते ऐकू येतात, आणि याचं मूळ घोडीच्या पसरट माथ्यात आणि तारेखाली घातलेल्या जव्हारीच्या दोऱ्यात आहे. मिरजेचे कारागीर तो दोरा कानानंच सरकवत आले. मोजणारे मागून आले, पण कारण त्यांनी सांगितलं.

नवं उपकरण शंभर तास वाजवल्यावर 'खुलतं' का?

स्पीकरचा कोन थोडा सैल होतो, तोही पहिल्या काही तासांत. बाकी शंभर तासांत जे खुलतं ते आपण. सवय होते. शिवाय तोवर दुकानाची परत घ्यायची मुदत संपलेली असते, हा निव्वळ योगायोग.

माझं वय ६१. आता माझ्या कानांवर विसंबायचं का?

वरची पट्टी जाते, त्याला इलाज नाही. पन्नाशीनंतर १२-१३ हजार हर्ट्झच्या वरचं पुष्कळांना ऐकू येत नाही. पण गाण्यातला बहुतेक ऐवज त्याच्या बराच खाली असतो. आणि आवाज तोलायची सवय वयानं जात नाही. माझे काका ७८ वर्षांचे आहेत, १० हजारच्या वर त्यांना शून्य ऐकू येतं. मागच्या रविवारी गाणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच म्हणाले, "उजवीकडचा दबलाय रे." आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. ॲम्प्लिफायर नवा होता, आणि भाच्यानं सकाळीच लेव्हल जुळवल्या होत्या. काका ऐकेनात. शेवटी माइक लावून मोजलं, तर ३ हजार हर्ट्झच्या वर उजवा स्पीकर २ डेसिबलनं खाली होता. टर्मिनल तपासले, तारा अदलाबदल केल्या, अर्धा तास गेला. मग बायकोनं चहाचे कप उचलता उचलता सोफ्यावरून सरकून उजव्या ट्वीटरच्या पुढ्यात आलेली उशी काढून बाजूला ठेवली.